बेक न करता आंबा चीजकेक: कुठलं क्रीम चीज, किती चक्का आणि काजूचा चुरा कधी घालायचा

खाली बिस्किटाचा तळ, मधे क्रीम चीजचा जाड थर, वर हापूसचा रस आणि खाताना दाताखाली येणारा काजू-बदामाचा खमंग चुरा. ओव्हन नको, अंडं नको, म्हणून हा चीजकेक आपल्याकडे घरोघरी होतो. "फ्रीजमध्ये ठेवला की झाला" असं जो तो सांगतो, आणि मग सुरी लावल्यावर तो ताटभर पसरतो. भाजलेल्या चीजकेकमध्ये अंडं उष्णतेने घट्ट होतं आणि सामानातलं थोडंफार उणंदुणं झाकून घेतं. इथे तशी सोय नाही. थंडीने घट्ट होणारी स्निग्धता, फेटलेल्या क्रीममधली हवा आणि असलाच तर जिलेटिन किंवा चायना ग्रास, एवढ्या जोरावर तो उभा राहतो. त्यामुळे कृतीपेक्षा दुकानात काय उचललं यावर निकाल जास्त ठरतो. म्हणून हा आढावा मुख्यतः सामानाचा आहे. सगळी मापं १८ सेंटिमीटरच्या, म्हणजे सात इंची सुट्ट्या तळाच्या टिनाला धरून आहेत. त्यात आठ ते दहा तुकडे होतात.

सुरुवात क्रीम चीजपासून, कारण सगळ्यात जास्त पैसे त्यात जातात आणि सगळ्यात जास्त फसवणूकही तिथेच होते.

डबा हातात घेतला की पुढचं चित्र सोडून मागचा तक्ता वाचा. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे क्रीम चीजमध्ये किमान ३३ टक्के दुधाची स्निग्धता लागते आणि ओलावा ५५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. परदेशी पाककृती बहुतेक या मापाचा, वर्खात गुंडाळलेला घट्ट ठोकळा गृहीत धरतात. आपल्याकडे प्लॅस्टिकच्या टबात येणारं चीज पावाला लावायला सोपं जावं म्हणून मऊ केलेलं असतं, आणि बऱ्याच टबांवर १०० ग्रॅममागे २० ते २५ ग्रॅमच फॅट छापलेलं दिसतं. कृती तीच आणि हात तोच असला तरी पहिल्याचा तुकडा ताठ उभा राहतो, दुसऱ्याचा वाकतो. तक्त्यावर ३० किंवा त्याहून जास्त फॅट दिसलं तर डोळे मिटून घ्या. २५ च्या आसपास असेल तर चालतं, पण मलमलच्या फडक्यात बांधून दीड-दोन तास फ्रीजमध्ये टांगून ठेवा. ३०० ग्रॅममधून दोन-तीन चमचे पाणी सहज निथळतं, आणि तेवढ्यानेही फरक पडतो. २० च्या खाली असेल, किंवा डब्यावर 'लाइट' लिहिलेलं असेल, तर ते सकाळच्या टोस्टलाच लावावं.

'चीज स्प्रेड' नावाच्या डब्याचं प्रकरण वेगळंच. ते प्रक्रिया केलेलं चीज, त्यात इमल्सिफायर क्षार आणि भरपूर मीठ. कितीही साखर घाला, मागून खारट चव येतेच. क्रीम चीजशेजारीच मांडलेलं असतं आणि स्वस्त असतं, म्हणून घाईत हात तिकडे जातो. घटकांच्या यादीत पहिलं नाव दूध किंवा क्रीम, मग विरजण, मीठ आणि फार तर एखादा डिंक, इतकंच असलं पाहिजे.

देशी की आयात, हा प्रश्न हमखास विचारला जातो. आयात होणारं फिलाडेल्फिया ब्रँडचं चीज चवीला सौम्य आणि दर डब्याला एकसारखं, पण महाग आणि छोट्या पॅकमध्ये मिळतं. देशी कंपन्यांनी हॉटेलांसाठी काढलेले एक किलोचे पॅक मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि पुण्यात बोहरी आळीतल्या बेकिंगच्या दुकानांतून मिळतात. ते दाट असतात आणि किलोमागे बरेच स्वस्त पडतात. आमचं झुकतं माप यांनाच. फक्त उघडल्यावर आठवडाभरात संपवायची तयारी हवी, कारण फ्रीजरमध्ये ठेवलं की क्रीम चीज रवाळ होतं आणि कितीही फेटलं तरी पूर्वीसारखं गुळगुळीत होत नाही. दुकानातला फ्रीज नीट चालतो का, तेही बघून घ्या. डबा उघडल्यावर वर बोटभर पाणी साचलेलं असेल आणि खाली कण दिसत असतील, तर तो माल वाटेत कुठेतरी एकदा गोठून वितळलेला असतो. तो परत करावा.

आता चक्का. मराठी घरात क्रीम चीजला पहिला पर्याय म्हणून हाच डोळ्यासमोर येतो आणि तो वाईट नाही. पण त्याचा हिशोब समजून घ्यायला हवा. चक्क्यात घन पदार्थ साधारण ३० टक्के, आणि त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास स्निग्धता. म्हणजे १०० ग्रॅम चक्क्यात फॅट जेमतेम १० ग्रॅम, बाकी मुख्यतः पाणी आणि प्रथिनं. क्रीम चीजच्या जागी तेवढाच चक्का घातला तर फॅट एक तृतीयांशावर येतं, आणि थंडीत घट्ट होणारं तर तेच असतं. चक्क्याचा चीजकेक खचतो तो याच कारणाने. चव आणखी वेगळी गोष्ट. हापूस आणि चक्का एकत्र आले की जीभ आम्रखंड म्हणूनच ओळखते. बिस्किटावरचं आम्रखंड वाईट लागत नाही, पण पाहुण्यांना चीजकेक सांगून ते वाढलं तर कपाळाला आठी पडते.

पैसे आणि चव या दोन्हींचा मेळ निम्म्या-निम्म्यात बसतो: १८० ग्रॅम दाट क्रीम चीज आणि १८० ग्रॅम चक्का. चक्का ताजा घ्या, आंबट नको. डेअरीवाल्याला "आजचा की कालचा?" एवढं विचारा आणि चिमूटभर चाखून बघा. घरी आणल्यावर २५० ग्रॅम चक्का फडक्यात बांधून, वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. उरतो तो साधारण २०० ग्रॅम. मग श्रीखंडाला काढतो तसा पुरणयंत्रातून किंवा बारीक जाळीच्या चाळणीतून काढा. ही पायरी गाळली तर थरात पांढरे दाणे दिसतात, आणि ते नंतर कितीही घोटले तरी मोडत नाहीत. मिक्सरच्या भांड्यात चक्का कधीच फिरवू नका. पाती जोरात फिरली की त्याची बांधणी तुटते आणि तो ताकासारखा ओघळतो. आंबटपणा जरा जास्त वाटला तर साखर वाढवण्याआधी चिमूटभर मीठ घाला. त्याने चव चीजकडे झुकते.

क्रीमबद्दल थोडक्यात. किराणा दुकानात मिळणारं २५ टक्के फॅटचं 'फ्रेश क्रीम' भाजीत आणि फ्रूट सॅलडमध्ये उत्तम, पण फेटून उभं राहत नाही. त्याचा तो उद्योगच नाही. फेटायला ३५ टक्क्यांच्या पुढचं दुधाचं क्रीम लागतं. ते चवीला सरस, पण उन्हाळ्यात नाजूक. भांडं आणि फेटणी पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवल्याशिवाय आणि भांड्याखाली बर्फ घेतल्याशिवाय मे महिन्यात त्याला हात लावू नये. केकवाले वापरतात ते वनस्पती तेलाचं व्हिपिंग क्रीम गोठवलेलं मिळतं. आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवायचं, त्यात बर्फाचे कण उरले तर ते फुलत नाही. उन्हाळ्यात हे दुधाच्या क्रीमपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. पण त्यात साखर आधीच असते, त्यामुळे कृतीतली साखर निम्म्यावर आणावी लागते, आणि खाल्ल्यावर टाळूला तेलकट थर राहतो. जन्मदिनाचा केक दोन तास टेबलावर राहणार असेल तर हे घ्या, घरी जेवणानंतर खायचा असेल तर दुधाचं. दोन्ही बाबतीत क्रीम मऊ शिखरं येईपर्यंतच फेटा, म्हणजे फेटणी उचलल्यावर टोक वाकलं पाहिजे. चीजमध्ये मिसळताना ते आणखी घट्ट होतंच. आधीच कडक फेटलेलं दुधाचं क्रीम मिसळताना फाटतं आणि लोण्याचे कण दिसू लागतात.

आता खरा वादाचा मुद्दा. घट्ट कशाने करायचं?

जिलेटिन काम चोख करतं. ८ ग्रॅम जिलेटिन ५० मिलिलिटर गार पाण्यात दहा मिनिटं फुगवायचं आणि गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून विरघळवायचं. उकळू द्यायचं नाही, उकळलं की त्याची पकड कमी होते. ते हळूहळू घट्ट होतं, त्यामुळे मिश्रण निवांतपणे गार करून मग क्रीम घालायला वेळ मिळतो. तोंडात विरघळतं तेही याच्याच बाजूने. पण ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून होतं, पाकिटावर तपकिरी खूण असते, आणि ज्या घरात अंडं नको म्हणून हा पदार्थ निवडला तिथे हे चालणारच नाही. दुकानातला केक आणत असाल तर विचारून घ्या. 'एगलेस' लिहिलं म्हणजे जिलेटिन नसेलच असं नाही. दुसरी अडचण हवामानाची. जिलेटिन ३०-३५ अंशांच्या दरम्यान सैल होतं, आणि मे महिन्यात आपल्या दिवाणखान्याचं तापमान तेवढंच असतं.

चायना ग्रास शाकाहारी आहे, उन्हातही वितळत नाही, पण त्याचा स्वभाव हट्टी. ते ८५ अंशांच्या पुढे विरघळतं आणि ३५-४० अंशांवर आलं की लगेच घट्ट होतं. सगळ्या तक्रारी या दोन आकड्यांमधून येतात. फ्रीजमधून काढलेल्या गार चीजमध्ये ते ओतलं की क्षणात त्याचे दोरे होतात आणि खाताना पारदर्शक रबरासारखे तुकडे लागतात. हे टाळायचं तर चीज आणि चक्का तासभर आधी बाहेर काढून ठेवा. आंब्याचा रस ५० अंशांपर्यंत, म्हणजे बोटाला जेमतेम सोसेल इतका गरम करा. अडीच ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, १०० मिलिलिटर पाण्यात किंवा दुधात घालून ढवळत पूर्ण दोन मिनिटं उकळा. ते आधी गरम रसात, मग तो रस तीन हप्त्यांत चीजमध्ये, आणि लगोलग फेटलेलं क्रीम. सगळं मिळून चार-पाच मिनिटांत टिनात गेलं पाहिजे. पावडर थेट आंब्याच्या रसात उकळू नका. फळातल्या आम्लात जास्त वेळ उकळल्यावर तिची पकड ढिली होते. काड्यांच्या स्वरूपातलं चायना ग्रास घेतलं तर आधी अर्धा तास भिजवावं लागतं आणि दर पुडक्याला जोर वेगळा निघतो, म्हणून पावडरच बरी. आणि माप वाढवायचा मोह आवरा. "बसला नाही तर?" या भीतीने पाच ग्रॅम घातलं की चीजकेकची वडी होते.

तिसरा मार्ग आम्हाला सगळ्यात पसंत आहे: पांढरं चॉकलेट. १५० ग्रॅम पांढरं चॉकलेट वितळवून, कोमट होऊ देऊन खोलीच्या तापमानाच्या चीजमध्ये घालायचं. त्यातलं कोको बटर थंडीत कडक होतं आणि आख्खा थर धरून ठेवतं. जिलेटिन नको, चायना ग्रास नको, गुठळ्यांची धास्ती नको. तुकडा रेशमासारखा कापला जातो. साखर मात्र २५-३० ग्रॅमवर आणावी लागते. घेताना यादीत कोको बटर आहे ना, ते पाहा. 'कंपाउंड' नावाचे ठोकळे वनस्पती तुपाचे असतात. थर त्यांनीही बसतो, पण चव मेणचट लागते. यात एकच चूक वारंवार होते. चीज गार असतं, चॉकलेट त्यात पडताच गोठतं आणि मिश्रणात तांदळाच्या कणीसारखे दाणे होतात. झालंच तर पातेलं गरम पाण्यावर धरून हळूहळू ढवळा. चक्का घातलेला असेल तर ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, तो फुटतो.

कंडेन्स्ड मिल्क आणि लिंबाचा रस हा चौथा मार्ग सोपा आहे, घट्टही होतो, पण गोडी हाताबाहेर जाते. हापूसबरोबर तर नकोच.

आता फळ. ताजा हापूस असेल तर २५० ग्रॅम रस चाळणीतून काढा, त्यातला ५० ग्रॅम कच्चाच बाजूला ठेवा आणि उरलेला मंद आचेवर ८-१० मिनिटं आटवून १३०-१४० ग्रॅमवर आणा. पाणी उडतं, थर ढिला पडत नाही. बाजूला ठेवलेला कच्चा रस शेवटी घातला की आटवताना गेलेला वास परत येतो. पायरी आंबा असेल तर रस पातळ असतो, आणखी पाच मिनिटं द्या. डबाबंद रस वर्षभर मिळतो आणि दाटही असतो, पण बऱ्याच डब्यांत साखर आणि सायट्रिक आम्ल घातलेलं असतं. तसं असेल तर कृतीतली साखर २० ग्रॅमने कमी करा. बिनसाखरेचा डबा थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. ८५० ग्रॅमच्या डब्यात तीन केक निघतात, आणि उरलेला रस बर्फाच्या साच्यात गोठवता येतो.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्यायची तर डिसेंबर ते मार्च हा तिचा काळ. ती ९० टक्क्यांहून जास्त पाणी असते, म्हणून थरात कच्ची घालूच नये. २५० ग्रॅम फळाला ४० ग्रॅम साखर आणि एक चमचा लिंबाचा रस घालून दाट होईपर्यंत शिजवा आणि गार करून वर पसरा. कापलेली ताजी फोड शोभेला हवी असेल तर ती वाढायच्या क्षणी. साखर लागली की तासाभरात तिला पाणी सुटतं आणि पांढऱ्या थरावर लाल ओघळ येतात. सीताफळ मात्र शिजवायचं नाही, गरम केलं की कडू होतं. त्याचा गर कच्चाच घाला आणि पांढऱ्या चॉकलेटचाच मार्ग धरा.

अननस, पपई, किवी आणि ताजं अंजीर यांच्याबद्दल वेगळा इशारा. या फळांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे ते घट्ट होतच नाही. केक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी पातळ मिळाला तर नव्वद टक्के वेळा कच्चा अननस दोषी असतो. चायना ग्रास प्रथिन नाही, म्हणून ते टिकतं, पण दुधातली प्रथिनं तरीही तुटतात आणि काही तासांत चव कडवट होते. उपाय सोपा आहे. अननस साखरेबरोबर पाच-सात मिनिटं उकळा, किंवा डब्यातला वापरा, तो आधीच शिजलेला असतो. किवी फक्त वर, तीही वाढताना.

तळासाठी डायजेस्टिव्ह बिस्किटं १५० ग्रॅम आणि वितळलेलं लोणी ७५ ग्रॅम, हे हुकमी प्रमाण. मारी बिस्किटं कोरडी असतात, त्यांना ८५-९० ग्रॅम लागतं, आणि तळ थोडा फिका लागतो. एक चमचा साखर आणि चिमूटभर सुंठ घातली तर सुधारतो. पुण्याची श्रूजबेरी बिस्किटं वापरली तर चव एकदम वरच्या पट्टीत जाते, पण त्यांत लोणी आधीच भरपूर, म्हणून ३५-४० ग्रॅम पुरतं. जास्त घातलं तर फ्रीजमध्ये तळाची फरशी होते आणि सुरी अडकते. पिवळं खारं लोणी तळाला चालतं, थरात नको. चुरा वाळूइतका बारीक करा, मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर सुटला पाहिजे. सपाट बुडाच्या वाटीने दाबा, कडेला जास्त लक्ष द्या, आणि अर्धा तास फ्रीजमध्ये. जोर लावून ठोकायची गरज नाही.

काजू-बदामाच्या चुऱ्याकडे, म्हणजे क्रम्बलकडे, बहुतेक कृती शेवटच्या ओळीत बघतात. वास्तविक पूर्ण गुळगुळीत पदार्थात दाताला काम देणारी ही एकच गोष्ट. ओव्हन नसल्यामुळे ते कढईत करायचं, आणि लाडू वळणाऱ्या हाताला यात नवीन काही नाही.

खरेदीत सल्ला एकच. अख्खे काजू घेऊ नका. पाकळी किंवा तुकडा घ्या, चव तीच आणि दर बराच खाली. घेताना एक दाणा चावून बघा. खवट वास नाकाआधी जिभेच्या मागच्या बाजूला कळतो, आणि खवट काजू भाजून सुधारत नाही. अक्रोड वापरायचे तर साल कडवट असते, भाजून गरम असतानाच फडक्यात चोळून काढा. शेंगदाणे हापूसला दाबून टाकतात, ते केळं आणि चॉकलेटसाठी राखून ठेवा. लोणावळ्याची चिक्की कुटून घालायची कल्पना मोहक आहे, पण ओल्या थरावर अर्ध्या तासात तिचा पाक सुटतो. घालायचीच तर ताटलीत वाढल्यावर.

प्रमाण: काजू तुकडा ६० ग्रॅम, बदाम ४० ग्रॅम, लाडूची जाड कणीक ५० ग्रॅम, साजूक तूप ३५ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, दूध एक चमचा, मीठ दोन चिमूट. तूपच घ्या, लोण्यात पाणी असतं आणि चुरा लवकर मऊ पडतो. बदाम आधी कोरडे भाजा, आठ मिनिटं. काजू वेगळे, चार-पाच मिनिटं, ते झटकन लाल होतात, म्हणून एकत्र भाजू नयेत. गार झाल्यावर जाडसर कुटा. मिक्सर वापरला तर झटके देत, सलग फिरवलं की तेल सुटून लगदा होतो. कणीक तुपात मंद आचेवर १०-१२ मिनिटं, खमंग वास येऊन रंग बदामी होईपर्यंत. मग बेसनाच्या लाडवाला मारतो तसा दुधाचा हबका मारा. कणीक फुलून रवाळ होते. पुन्हा दोन-तीन मिनिटं परता, नाहीतर ओलावा आत राहतो आणि दुसऱ्या दिवशी चुरा नरम लागतो. त्यात काजू, बदाम आणि मीठ घाला, आच बंद करा, आणि दोन मिनिटांनी साखर. साखर कडकडीत गरम कणकेत गेली तर वितळून एकच ढेप होते, पूर्ण गार झाल्यावर घातली तर सुटी राहते. मधल्या उबेला घातली की वाटाण्याएवढे गोळे बनतात, आणि आपल्याला तेच हवे असतात. ताटात पसरून गार करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दहा दिवस राहतो.

आणि हा चुरा वाढायच्या दहा मिनिटं आधीच घालायचा. आदल्या रात्री घालून फ्रीजमध्ये ठेवलेला चुरा सकाळी ओल्या भुशासारखा लागतो. अगदीच आधी घालणं भाग असेल तर त्याला वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचे दोन चमचे चोळून गार करा. तो थर ओलावा अडवतो आणि चार-पाच तास कुरकुरीत ठेवतो.

चॉकलेटच्या मार्गाने पूर्ण जुळणी अशी होते. १८० ग्रॅम क्रीम चीज आणि १८० ग्रॅम निथळलेला चक्का २५ ग्रॅम पिठीसाखरेबरोबर लाकडी चमच्याने किंवा कमी वेगावर फेटा, गुळगुळीत झालं की थांबा. क्रीम चीज जास्त फेटलं की सैल होतं. दाणेदार साखर वापरू नका, ती लवकर विरघळत नाही. त्यात १५० ग्रॅम कोमट वितळलेलं चॉकलेट, मग आटवलेला आणि कच्चा रस. शेवटी १५० मिलिलिटर क्रीम मऊ फेटून दोन हप्त्यांत हलक्या हाताने मिसळा. टिनात ओता, दोनदा ओट्यावर आपटून हवा काढा, आणि घट्ट झाकून किमान आठ तास फ्रीजमध्ये ठेवा. झाकणं महत्त्वाचं, कारण स्निग्ध पदार्थ वास फार पटकन धरतो आणि शेजारी कांदा-लसणाचं वाटण असेल तर ते तुकड्यात उतरतं. चार तासांत वरून बसलेला दिसतो, पण मध्य कच्चा असतो. फ्रीजर वापरून घाई केली तर कडा गोठतात आणि मधे खळगा पडतो.

वर चकाकता थर हवा असेल तर १०० मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅम चायना ग्रास उकळून १५० ग्रॅम कोमट रसात मिसळा आणि केक पूर्ण बसल्यावरच, चमच्याच्या पाठीवरून ओता. त्याआधी थराचा पृष्ठभाग काट्याने हलकासा ओरबाडा. चायना ग्रासचे थर एकमेकांना धरत नाहीत, आणि कापताना वरची चकती सरकून पडते.

टिनावर फार खर्च करू नये. बाजूची कडी नीट घट्ट बसते का, एवढं दुकानातच उघड-मिट करून पाहा. कडेने बटर पेपरची पट्टी लावा. टिन नसेल तर काचेच्या लहान ग्लासांत लावा. साच्यातून काढायचंच नाही म्हटल्यावर चॉकलेट १०० ग्रॅम पुरतं आणि थर आणखी मऊ ठेवता येतो. बाजारातली तयार प्रीमिक्स पाकिटं प्रवासात किंवा वसतिगृहात ठीक. त्यांत स्टार्च आणि साखर जास्त, क्रीम चीज बहुधा आपल्यालाच घालावं लागतं, मग पाकिटाचे पैसे नेमके कशाचे, असा प्रश्न पडतो.

काढताना टिनाभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं अर्धा मिनिट गुंडाळा. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची, एक काप, पुन्हा बुडवून पुसायची. फ्रीजमध्ये तीन दिवस उत्तम, चक्का असल्यामुळे चौथ्या दिवशी आंबटपणा वाढतो. गोठवायचा असेल तर चॉकलेटचा किंवा जिलेटिनचा तीन-चार आठवडे राहतो, चुरा वेगळा ठेवून. चायना ग्रासचा गोठवू नका. वितळताना त्यातून पाणी सुटतं आणि बिस्किटाचा तळ त्या पाण्यात बसतो.